प्रायमरी अलीकडे आणली, पण डेलिगेट कोण मोजणार?

अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २०२० साठी प्रायमरी (मुख्य निवडणुकीआधी उमेदवार ठरवणारं मतदान) जूनवरून मार्चमध्ये आणली, मग बाकीची राज्यं कायदा करून थेट जानेवारीच का गाठत नाहीत, असं तुम्ही विचारलंय. कायदा करता येतो. तारीख सहसा राज्याचं विधिमंडळच ठरवतं. पण त्या मतदानातून आलेले डेलिगेट, म्हणजे राज्याचे प्रतिनिधी, अध्यक्षपदाचा उमेदवार निवडणाऱ्या पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात बसवायचे की नाही, हे पक्षाच्या हातात असतं. घोडं अडतं ते इथे. कॅलिफोर्नियाने ३ मार्च धरली, कारण पक्षाच्या नियमांत बसणारा तोच सगळ्यात आधीचा दिवस होता.

नियम मोडला की काय होतं, ते २००८ च्या मिशिगनमध्ये दिसलं. डेमोक्रॅटिक पक्षाने ५ फेब्रुवारीच्या आधी फक्त आयोवा, न्यू हॅम्पशायर, नेवाडा आणि साउथ कॅरोलायना यांना परवानगी दिली होती. मिशिगनने १५ जानेवारी ठरवली, फ्लोरिडाने २९. पक्षाने दोन्ही राज्यांचे सगळे डेलिगेट रद्द केले. रिपब्लिकनांनी निम्मे कापले.

डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या शर्यतीतल्या ओबामा आणि एडवर्ड्स यांनी मिशिगनच्या मतपत्रिकेवरून नावं काढून घेतली, हिलरी क्लिंटन यांचं राहिलं. ओबामांच्या समर्थकाने करायचं काय? 'अनकमिटेड'वर, म्हणजे 'कुणालाच बांधील नाही' या पर्यायावर खूण. नाव हाताने लिहिलं असतं तर ते मत मोजलंच गेलं नसतं. क्लिंटन यांना सुमारे ५५ टक्के मतं पडली, 'अनकमिटेड'ला ४०. त्या ४० टक्क्यांत ओबामांचे किती, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. अखेर ३१ मे रोजी पक्षाच्या नियम समितीने वाटणी केली: क्लिंटन यांना ६९ डेलिगेट, ओबामांना ५९, आणि प्रत्येक डेलिगेटला अर्धंच मत. पूर्ण मताचा हक्क ऑगस्टच्या अधिवेशनात मिळाला, पण तोवर उमेदवार ठरून गेला होता. यात मतदारांचा काडीचा दोष नव्हता. याचा मला आजही राग येतो. आणि त्याच वर्षी ६ मेपर्यंत थांबलेल्या इंडियाना आणि नॉर्थ कॅरोलायनात दोन्ही उमेदवार तळ ठोकून होते.

न्यू हॅम्पशायरला गाठायचा विचार तर सोडूनच द्या. आपली प्रायमरी इतरांच्या किमान सात दिवस आधी व्हावी, असा त्यांचा कायदाच आहे.

नियमात राहून तारीख अलीकडे आणली तरी झळ खालच्या निवडणुकांना बसते, आणि तिकडे फारसं कुणी बघत नाही. कॅलिफोर्नियात राज्य विधिमंडळाची प्रायमरीही त्याच दिवशी असते. त्यामुळे मार्च २०२४ साठी बहुतेक उमेदवारांना ८ डिसेंबर २०२३ पर्यंतच अर्ज भरावे लागले. २००८ मध्ये हे टाळायला फक्त अध्यक्षपदाची प्रायमरी फेब्रुवारीत घेतली, बाकीची जूनमध्येच ठेवली. म्हणजे नोव्हेंबरची मुख्य निवडणूक धरून एका वर्षात राज्यभर तीनदा मतदान, आणि तिन्ही वेळचा खर्च.