सॉल्ट लेक सिटीच्या वंशावळ ग्रंथालयात ज्येष्ठ मिशनरी जोडपी आठवडाभर नेमकं काय करतात?

तुम्ही लिहिलंय की तुमचे अमेरिकन व्याही आणि विहीणबाई निवृत्तीनंतर दीड वर्षासाठी सॉल्ट लेक सिटीच्या फॅमिलीसर्च ग्रंथालयात मिशनरी म्हणून रुजू होणार आहेत. ते दारोदार धर्मप्रचार करणार का, त्यांचा आठवडा कसा जाणार, आणि त्यांच्यामार्फत तुमच्या रत्नागिरीकडच्या घराण्याचं काही सापडेल का, हे तुमचे प्रश्न. या ग्रंथालयातलं काम मी जवळून ओळखतो आणि मला ते मनापासून मोलाचं वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

धर्मप्रचाराचं आधी. दारोदार जाणं, भेटतील त्यांना धर्माबद्दल सांगणं हे विशीतल्या मिशनरी मुलामुलींचं काम. ज्येष्ठ जोडप्यांना चर्च वेगळ्या कामांवर पाठवतं आणि ग्रंथालय हे त्यातलं एक. लॅटर-डे सेंट्स (मॉर्मन) चर्चचं हे ग्रंथालय कुणालाही खुलं आहे, प्रवेश फुकट आहे, धर्म कुणी विचारत नाही. छातीवर काळी पाटी असते, तिच्यावर पुरुषांसाठी ‘एल्डर’ किंवा बायकांसाठी ‘सिस्टर’ आणि पुढे आडनाव. पगार नसतो. घरभाडं, किराणा, गाडी, आरोग्य विमा सगळं पदरचं. जोडप्यांसाठी मुदत ६, १२, १८ किंवा २३ महिन्यांची असते, म्हणजे तुमच्या व्याह्यांची दीड वर्षं ही नेहमीचीच मुदत आहे.

काम समजायला थोडी पार्श्वभूमी लागते. फॅमिलीसर्च या वंशावळ संस्थेची मुळं १८९४ सालची. १९३८ पासून त्यांनी जगभरच्या चर्चच्या नोंदवह्या, जनगणना, जहाजांच्या याद्या, मृत्युपत्रं मायक्रोफिल्मवर उतरवायला घेतली. मूळ रिळं शहराबाहेर ग्रॅनाइटच्या डोंगरात खोदलेल्या कोठारात ठेवली आहेत. अशी सुमारे २४ लाख रिळं झाली आणि २०२१ मध्ये त्यांचं डिजिटायझेशन पूर्ण झालं. आजची पाच मजल्यांची इमारत १९८५ ची, त्यातले दोन मजले जमिनीखाली. पूर्वी मिशनऱ्यांचा बराच वेळ रिळं शोधून देण्यात आणि वाचनयंत्रावर चढवून देण्यात जायचा. रीळ उलटं बसलं की अक्षरं आरशातल्यासारखी दिसायची, मग पुन्हा पहिल्यापासून. आता बहुतेक कागद पडद्यावर आलाय, त्यामुळे मिशनऱ्याचं खरं काम समोरच्या माणसाशी बोलण्याचं झालंय. ते जमलं तर बाकीचं जमतं.

आठवड्याचा सांगाडा सोपा आहे. ग्रंथालय रविवारी बंद. पूर्णवेळ जोडप्याला साधारण पाच दिवस पाळी असते. काही पाळ्या सकाळच्या, काही संध्याकाळी उशिरापर्यंतच्या, शनिवार आळीपाळीने. पाळी सुरू होण्याआधी छोटी प्रार्थना, त्या दिवसाच्या सूचना, आणि मग ज्याला जे टेबल दिलं असेल तिथे. नवरा-बायको बहुधा एकाच विभागात असतात, पण शेजारी शेजारी बसतीलच असं नाही. एक जण दाराशी स्वागताला, दुसरा संगणकांच्या रांगांमधून फिरत कुणी अडलंय का बघतोय, असंही होतं. याशिवाय पुस्तकं जागेवर लावणं, जुने फोटो आणि स्लाइड स्कॅन करायला मदत करणं, आणि ऑनलाइन सल्ला. सुरुवातीचे आठवडे प्रशिक्षणात जातात. ते नंतरही पूर्ण थांबत नाही, कारण फॅमिलीसर्चचं संकेतस्थळ सारखं बदलत असतं. २०२४ पासून तर न सूचीबद्ध केलेली हस्तलिखितंही शब्दाने शोधायची सोय आली, तेव्हा जुन्याजाणत्यांनाही पुन्हा शिकायला बसावं लागलं.

आता टेबलावरचं काम. एक नेहमीचा प्रसंग घेऊ. पाहुणा येतो आणि म्हणतो, ‘माझे पणजोबा आयर्लंडहून आले, त्यांचं गाव शोधायचंय.’ कच्चा मिशनरी लगेच आयर्लंडच्या नोंदी उघडतो, एकाच नावाची पन्नास माणसं समोर येतात आणि अर्धा तास वाया जातो. मुरलेला मिशनरी कीबोर्डला हात लावत नाही. पूर्ण नाव काय, बायकोचं माहेरचं नाव काय, भावंडं कोण, धर्मपंथ कोणता, अमेरिकेत कुठे राहिले, मरण कधी आणि कुठे, घरात कुठला कागद आहे, हे तो आधी विचारतो. आणि मग आयर्लंड बाजूला ठेवून अमेरिकेतली कागदपत्रं काढतो. १९०० च्या जनगणनेत जन्माचा महिना आणि साल, अमेरिकेत आल्याचं साल आणि नागरिकत्वाची स्थिती असते. त्यावरून नागरिकत्वाचे कागद शोधायचे. पण सप्टेंबर १९०६ पूर्वीच्या कागदांत बहुतेकदा नुसतं ‘आयर्लंड’ लिहिलेलं असतं, गाव नसतंच. मग मृत्यूचा दाखला, थडग्यावरचा मजकूर, कॅथलिक चर्चमधली लग्नाची नोंद. पणजोबांचं गाव तिथे नसेल तर त्यांच्या भावाच्या नोंदीत मिळतं, म्हणून भावंडांना कधीच सोडायचं नाही. गावाचं नाव हाती आलं की मगच समुद्र ओलांडायचा. तिथेही आधीच सांगून ठेवावं लागतं की १९२२ मध्ये डब्लिनच्या अभिलेखागाराला आग लागून खूप काही नष्ट झालं, आणि त्या आगीआधीच्या जनगणनांपैकी पूर्ण स्वरूपात हाताशी आहेत त्या १९०१ आणि १९११ च्या.

अमेरिकेतली अशीच मोठी भोकं त्यांना तोंडपाठ असावी लागतात. १८५० च्या आधीच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकीच्यांची नुसती संख्या. १८५० ला नावं आली, पण गुलामगिरीतल्या माणसांची नाही. नातं लिहायला सुरुवात १८८० पासून. १८९० ची जनगणना १९२१ च्या आगीनंतर जवळपास सगळी गेली. जनगणना ७२ वर्षांनी खुली होते, त्यामुळे सगळ्यात ताजी उपलब्ध जनगणना १९५० ची, ती २०२२ मध्ये आली. इंग्लंडसाठी दोन तारखा पुरतात: नागरी जन्म-मृत्यू नोंदणी १ जुलै १८३७ पासून, आणि १७५२ पूर्वी नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणून फेब्रुवारी १७३० ची नोंद आपल्या हिशेबाने १७३१ ची असते. हे ठाऊक नसलं की लग्नाआधी मूल जन्मल्यासारखं दिसतं आणि घरातली माणसं उगीच अस्वस्थ होतात.

ऑनलाइन सल्ला २० मिनिटांचा असतो आणि तोही मोफत. ठरवताना प्रश्न लिहून द्यायचा असतो. ‘माझं कुळ शोधा’ असं लिहिलं तर वीस मिनिटं प्रश्न समजण्यातच संपतात. ‘अमुक व्यक्ती १८८० मध्ये अमुक गावी होती, तिचे आईवडील कोण’ असा प्रश्न असेल तर मिशनरी आधी तयारी करू शकतो. मिशनरी तुमच्यासाठी संशोधन करून देत नाही, वाट दाखवतो. माझ्या मते हे योग्यच आहे, कारण पुढच्या वेळी माणूस स्वतः शोधायला लागतो.

चुकतं कुठे, तेही सांगतो. पहिलं म्हणजे शोधाचे सगळे रकाने भरणं. जितकी माहिती भराल तितकी नोंद हुकण्याची शक्यता जास्त. कमी रकाने भरायचे आणि आडनावात शंकेच्या अक्षरांऐवजी तारांकन टाकायचं. दुसरं, यंत्राने सुचवलेली नोंद डोळे मिटून जोडणं. फॅमिलीसर्चचं झाड, म्हणजे वंशवृक्ष, सगळ्यांचं मिळून एकच आहे, तुमचं वेगळं आणि माझं वेगळं असं नाही. कुणी एकाच नावाच्या दोन माणसांना एक केलं तर ती चूक सगळ्यांच्या झाडात शिरते. बदलांच्या इतिहासातून ती मागे फिरवता येते, पण त्यावर पुढे बदल चढलेले असतील तर फार किचकट होतं. म्हणून चांगला मिशनरी प्रत्येक वेळी मूळ कागदाची प्रतिमा उघडायला लावतो, नुसत्या सूचीवर विसंबू देत नाही, आणि प्रतिमेचा गट क्रमांक आणि पान क्रमांक लिहून घ्यायला लावतो. तो आकडा लिहिला नाही तर घरी गेल्यावर तेच पान पुन्हा सापडत नाही. तिसरी अडचण कुलूपबंद प्रतिमांची. नोंदी ज्यांच्या मालकीच्या आहेत त्यांच्याशी झालेल्या करारामुळे काही प्रतिमा फक्त ग्रंथालयात किंवा फॅमिलीसर्चच्या केंद्रांमध्येच दिसतात, काही तिथेही दिसत नाहीत. घरी बसून हवालदिल झालेल्या पाहुण्याला हे समजावणं रोजचं असतं.

पाळीबाहेरचा आठवडा शांत असतो. रविवारी जवळच्या वॉर्डात, म्हणजे चर्चच्या स्थानिक मंडळीत, प्रार्थनासभा. सोमवारी संध्याकाळ परंपरेने कुटुंबासाठी. एखाद्या दिवशी चर्चच्या मंदिरात जाणं. सॉल्ट लेकचं मुख्य मंदिर डिसेंबर २०१९ मध्ये नूतनीकरणासाठी बंद झालं, तेव्हापासून जोडपी खोऱ्यातल्या दुसऱ्या मंदिरांत जातात. एक दिवस धुणं, बाजारहाट, डॉक्टर. मुलानातवंडांशी फोन आणि व्हिडिओ मोकळेपणाने होतात, तेव्हा तुमच्या मुलीने काळजी करू नये. वर्षात दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, चर्चची महापरिषद असते. आणि फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये रूट्सटेक हे वंशावळीचं संमेलन शहरात भरतं. त्या दिवसांत ग्रंथालयात उभं राहायला जागा नसते, त्या आठवड्यात भेटीला जाणं टाळा.

तब्येतीचं मात्र विचारा. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटरवर आहे आणि हिवाळ्यात, विशेषतः जानेवारीत, थंड हवा खोऱ्यात अडकून प्रदूषण साचतं. दम्याच्या माणसाला ते जड जातं. तासन्‌तास पडद्यासमोर वाकून पाठ आणि डोळे शिणतात, जमिनीखालच्या मजल्यांवर तर दिवसाचा उजेडही नसतो. पायात चांगले बूट आणि पडद्याच्या अंतराचा वेगळा चष्मा, ही दोन खरेदी जाण्याआधी करावी. घर मध्यवस्तीत घेतलं तर ट्रॅक्स ट्रामचा मधला पट्टा फुकट आहे, बर्फात गाडी काढावी लागत नाही.

आता तुमच्या घराण्याचं. आशा मर्यादित ठेवा. भारतातल्या नोंदींपैकी तिथे मुंबई इलाख्यातल्या ख्रिस्ती बाप्तिस्मा-लग्न-दफन नोंदींच्या सूची आहेत, आणि हरिद्वारसारख्या तीर्थक्षेत्री पंड्यांनी ठेवलेल्या वह्यांच्या प्रतिमा आहेत. रत्नागिरीच्या हिंदू घराण्यासाठी थेट असं फार थोडं. तुमचा कुणी पूर्वज गिरमिटावर, म्हणजे करारबद्ध मजूर म्हणून, मॉरिशसला गेला असेल तर मात्र मोकामधल्या महात्मा गांधी संस्थेचं अभिलेखागार गाठा. तिथल्या नोंदींत गाव, जिल्हा, वडिलांचं नाव असतं. बाकी खरं काम इथेच आहे: तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातलं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना नंबर १४, त्यात जन्ममृत्यू मिळतात, जुने फेरफार, शाळेचं जनरल रजिस्टर, आणि घराणं नाशिक-त्र्यंबकेश्वरला जात असेल तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. जुनी पानं मोडीत असतील, ती व्याही वाचू शकणार नाहीत, मोडी वाचक इथेच शोधा.

व्याह्यांची मदत कुठे होईल? नातवंडांचं झाड नीट मांडण्यात. त्यांना प्रत्येकाचं नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत दोन्ही पाठवा, आणि मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं हे स्पष्ट लिहा, नाहीतर तेच आडनाव म्हणून चढतं. बायकांचं माहेरचं नाव आणि लग्नात बदललेलं नाव वेगळं लिहा. गावाच्या पुढे तालुका आणि जिल्हा हवाच, एकाच नावाची गावं कोकणात कितीतरी आहेत. हयात माणसांची नोंद संकेतस्थळ खाजगी ठेवतं, तरी त्यांच्या जन्मतारखा आणि कागदांचे फोटो पाठवू नका.

आणि एक गोष्ट आधीच मोकळेपणाने बोलून घ्या. या चर्चमध्ये पूर्वजांच्या नावाने मंदिरात विधी करतात, वंशावळीच्या कामामागची श्रद्धा तीच आहे. सभासदांनी फक्त स्वतःच्या पूर्वजांची नावं द्यावीत, आणि गेल्या ११० वर्षांत जन्मलेल्यांसाठी जवळच्या हयात नातेवाइकाची परवानगी घ्यावी, असा त्यांचा नियम आहे. नातवंडांमुळे तुमचे पूर्वजही त्याच झाडावर येतात. तुमच्याकडच्या नावांचे विधी नको असतील तर व्याह्यांना तसं सरळ सांगा. ते हा विषय गांभीर्याने घेतात, राग मानणार नाहीत. हे बोलणं झालं की मगच नावांची यादी पाठवा.