होडी घ्यायची तर आधी काठ बघा

(वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणाऱ्या काकांचं कराडला तीस वर्षं वेल्डिंगचं वर्कशॉप होतं. उसाच्या ट्रॉल्या केल्या, अधूनमधून होड्याही. गळाचा नाद त्याच्याही आधीपासूनचा.)

प्रश्न : काका, आम्ही दोघे भाऊ, कवठेमहांकाळ तालुक्यातले. म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी आल्यापासून गावच्या तलावात बरंच पाणी असतं. रविवारी गळ घेऊन जातो, पण मोठा कटला मासा काठाला येत नाही. बजेट 25 हजार. ऑनलाइन हवेची होडी बघितली, गावातला वेल्डर 9 फुटी पत्र्याची करून देतो म्हणतो, आणि एकाकडे जुनी 10 फुटी फायबरची पडून आहे. कोणती घ्यावी?

उत्तर : होडीचं नंतर बघू, आधी तलाव कुणाकडे आहे ते विचारून या. आपल्याकडचे बरेच तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्यानं असतात. बोटुकली, म्हणजे माशांची पिल्लं, त्यांनी सोडलेली, पैसा त्यांचा गुंतलेला. काठावर बसून एक गळ टाकणाऱ्याकडे ते काणाडोळा करतील, पण होडी आणलीत की त्यांना त्यात जाळंच दिसणार. चेअरमनच्या घरी जा, काय फी असेल ती भरा आणि पावती खिशात ठेवा.

आता होडी. तुम्ही किंमत लिहिलीत, लांबी लिहिलीत. गाडी उभी राहते तिथून पाणी किती लांब, ते मात्र लिहिलं नाहीत. माझ्या मते निवड तिथंच होते. दिवाळीत तलाव बांधाला लागलेला असतो, तेव्हा कुठलीही होडी चालते. एप्रिलमध्ये तेच पाणी दोनशे पावलं आत सरकतं आणि मध्ये गुडघाभर गाळ. त्या दिवशी दोघांना उचलून नेता येईल ती होडी तुमची. बाकीच्या दुसऱ्यांसाठी.

हे मी पैसे घालवून शिकलोय. 1998 ला पहिली होडी केली, 12 फूट लांब, 4 फूट रुंद, दीड फूट उंच. ट्रॉलीचा 3 मिलिमीटरचा पत्रा शिल्लक होता, म्हटलं मजबूत होईल. वजनाचा हिशेब केलाच नाही. तो पत्रा चौरस मीटरला साडेतेवीस किलो भरतो. नुसता पत्राच 210 किलो झाला, वर अँगल वेगळे. येरळवाडीच्या तलावावर नेली, सहा जणांनी ढकलली. पाण्यात मात्र काय चालायची! मार्चनंतर पाणी हटलं आणि ती गाळात बसली. पावसाळ्यात पाणी चढलं की आपोआप उचलेल असं धरून चाललो होतो. पण बूड गाळानं घट्ट धरलेलं, वरून पावसाचं पाणी साठत गेलेलं. तलाव चढत आला आणि होडी तरंगायच्या आधीच काठोकाठ भरली. पुढच्या उन्हाळ्यात गॅस कटरनं तुकडे करून आणली.

तरी पत्र्याची घ्यायचीच असेल तर 2 मिलिमीटरचा पत्रा, 9 फूट बाय साडेतीन, सव्वा फूट उंची आणि बूड सपाट. अँगल धरून साधारण 110 किलो होईल. एवढ्या बुडाची होडी दर 74 किलोला एक इंच खाली जाते, म्हणजे एक माणूस बसला की एक इंच. तुम्ही दोघं आणि सामान मिळून चार इंचसुद्धा बुडणार नाही. ऐकायला छान वाटतं, पण एकानं उभं राहून कटला ओढायला घेतला की सगळं वजन एका कडेला येतं आणि इंचांचा हिशेब तिथंच संपतो. आणि लोखंडात एकदा पाणी भरलं की ते सरळ तळ गाठतं. म्हणून बैठकीच्या खाली, दोन्ही कडांना, 20 लिटरचे रिकामे कॅन बूच घट्ट लावून पट्टीनं आवळून बसवा. 110 किलो लोखंड पाण्यात 96 किलोचं ओझं उरतं, तेव्हा पाच कॅन म्हणजे जेमतेम. सहा घाला. पट्टी ढिली ठेवू नका, नाहीतर पाणी भरताना कॅन आधी सुटून वर येतात आणि होडी खाली जाते. वेल्डर म्हणेल कशाला एवढं. त्याला बाजूला बसवा आणि आपण घाला.

हवेची होडी दहा-पंधरा किलोची. मोटारसायकलवर जाते, गाळातून खांद्यावर येते, म्हणून मी तिला नावं ठेवत नाही. बॉक्सवर चौघे लिहिलेले असले तर दोघे समजायचे. हवेचे कप्पे किमान तीन हवेत, एक फुटला तरी बाकीच्यांनी काठ गाठता येतो. तुमच्या भागातला तिचा वैरी म्हणजे वेडी बाभूळ. काठाला असते आणि पाणी चढल्यावर बुडालेलीही असते. दुसरा वैरी लोकांच्या लक्षात येत नाही, तो म्हणजे चिलापी मासळी. पाठीवरचे काटे ताठ करून ती बुडावर उडाली की टाचणी टोचल्यासारखी भोकं पडतात. मासा गळावरून सोडवायचा तो बादलीतच, आणि खाली जुनी सतरंजी टाकायची. दुपारी काठावर ठेवताना थोडी हवा सोडा, उन्हानं आतली हवा फुगते आणि शिवण उसवते. आणि वळीव येणार असं ढग बघून वाटलं तर बाहेर निघा. ही होडी वाऱ्यावर पत्रावळीसारखी जाते, वल्ह्याला दाद देत नाही.

राहिली फायबरची. माझी स्वतःची तीच आहे, 2017 ला जुनी घेतली, 11 हजारांना, वजन 65 किलो. दोघं उचलतात, बाभळीला भीत नाही, गंजत नाही. तुम्हीही ती आधी बघून या, पण नुसती डोळ्यांनी नको. रुपयाचं नाणं घ्या आणि बूडभर टकटक करत फिरा. चांगल्या ठिकाणी खणखणीत वाजतं. जिथं बद्द आवाज येईल तिथं आतले थर सुटलेत, तिथं खडूनं खूण करा. मग होडी दोन ठोकळ्यांवर ठेवून आत आठ-दहा बादल्या पाणी ओता आणि चहाला जाऊन या. बाहेरून पाणी आत येताना दिसत नाही, आतून बाहेर ठिबकताना मात्र बरोबर दिसतं. शेवटी मागच्या फळीत, जिथं मोटर लावतात, स्क्रू ड्रायव्हर दाबून बघा. आतलं लाकूड कुजलं असेल तर लोण्यात शिरावा तसा शिरतो. फळी कुजकी असेल तर सोडून द्या. एक-दोन बद्द जागा असतील तर किंमत पाडून मागा, रेझिन (फायबरचं चिकट रसायन) आणि काचतंतूची मॅट लावून घरी दुरुस्त होतं. रेझिन घट्ट व्हायला त्यात हार्डनर आणि कोबाल्ट घालतात, फक्त ती दोन्ही एकमेकांत थेट मिसळायची नाहीत, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर.

माणसं किती? किती माणसं बसवायची याची पाटी नसलेल्या छोट्या होडीसाठी अमेरिकेच्या तटरक्षक दलाचा साधा हिशेब आहे : लांबी गुणिले रुंदी फुटात, भागिले 15. 10 बाय 4 ची असेल तर उत्तर अडीचच्या थोडं वर येतं, म्हणजे दोघंच. तिसरा मेव्हणा काठावर. 2019 च्या पुरात ब्रह्मनाळला जास्त माणसं बसलेली होडी उलटली, पलूस तालुक्यात ते कुणी विसरलेलं नाही.

प्रश्न : काका, आमच्याकडे फायबरची होडी आहे. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी लावून छोटी मोटर चालेल का? (तासगाव)

उत्तर : चालेल, पण जुनी बॅटरी नको. 30 पौंड जोराची 12 व्होल्टची मोटर पूर्ण वेगात साधारण 30 अँपिअर ओढते. 100 अँपिअर-अवरच्या लेड बॅटरीतलं निम्मंच वापरायचं, म्हणजे दीड-पावणेदोन तास. जुनी बॅटरी अर्ध्या तासात मान टाकेल, आणि ती नेमकी पलीकडच्या काठाला टाकते. वल्ही घरी ठेवू नका. शिवाय बॅटरीचं 30 किलो वजन मागं, मोटर मागं, तुम्हीही मागं बसलात तर होडीचं तोंड आभाळाकडे. बॅटरी पुढं ठेवा, लांब वायर टाका, पण जाड. मोटर बसवली की होडी कायद्यानं यांत्रिक होते. 1917 चा कायदा जाऊन 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा आलाय, तेव्हा नोंदणीचं विचारून घ्या.

प्रश्न : आमचे हे आणि मुलगा कण्हेर धरणावर होडीतून मासे धरायला जातात. दोघांनाही पोहायला येत नाही. ट्यूब सोबत असते म्हणतात. तेवढं पुरे का? (सातारा)

उत्तर : नाही, ताई. होडी उलटते तेव्हा ट्यूब एकीकडे आणि माणूस दुसरीकडे जातो. जॅकेट अंगातच हवं, काठावरून निघतानाच, बैठकीखाली नव्हे. घेताना वजन बघून घ्या, मुलाला वडिलांचं चालत नाही. अंगात घालून सगळे पट्टे लावायचे आणि दुसऱ्यानं खांद्याला धरून वर ओढायचं. जॅकेट कानापर्यंत आलं तर पाण्यात ते डोक्यावरून निघून जाणार. मुलाच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा असलाच पाहिजे. आणि त्यांना सांगा, नांगराचा दोर पुढच्या टोकालाच बांधा. कडेला बांधला आणि वारा सुटला की तोच दोर कड खाली ओढतो. हे न ऐकणारे नवरे मी पुष्कळ पाहिलेत.

प्रश्न : आमचं गुऱ्हाळ बंद पडून दहा वर्षं झाली. मोठी काहिल तशीच आहे. पूर्वी काहिलीतून कृष्णा ओलांडायचे असं आजोबा सांगायचे. तलावावर मासेमारीला वापरू का? होडीचा खर्च वाचेल. (वाळवा)

उत्तर : आजोबा खरं सांगायचे. लहानपणी मीही बसलोय. मधोमध मांडी घालून बसायचं, शेजाऱ्याचा हात धरायचा नाही आणि नाक खाजवायचं नाही. पलीकडे पोचवणारा दरवेळी तोच माणूस असायचा, त्याला नदीची नस माहीत होती. काहिल गोल, तिला पुढं-मागं नाही. एका बाजूनं वल्हं मारलं की गिरकी घेते. गळाला मासा लागल्यावर ती माशाच्या मागं फिरेल आणि तुम्ही तिच्यासोबत. कड बुटकी, लोखंड जाड, पाणी शिरलं तर दुसरी संधी नाही. पुरात गाव सोडायची वेळ आली तर गोष्ट वेगळी, मासे धरायला नको. त्यापेक्षा भंगारवाल्याला वजनावर द्या आणि त्या पैशात होडीचा श्रीगणेशा करा. फक्त देण्याआधी तिचा एक फोटो माझ्यासाठी काढून पाठवा.