रानात तयार घर आणतोयस? आधी वाट मोज

घराचा रंग नंतर ठरव, आधी रानातल्या आखाड्यापर्यंतची (घर बसवायच्या जागेपर्यंतची) वाट चालून ये. कारखान्यात बनलेली २० बाय १० फुटांची अख्खी खोली ट्रेलरवर चढली की जमिनीपासून १३-१४ फूट उंच होते. वाटेत लोंबणाऱ्या तारा असतील तर लाईनमनला अगोदर गाठ. बांबूनं तार उचलून धरायचा उद्योग कुणालाच करू देऊ नकोस.

खरा घोळ आपल्या काळ्या मातीचा. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मी घाईत नुसते दगड रचून त्यावर घर टेकवलं. पहिल्याच पावसाळ्यानंतर एक कोपरा बसला, दार अडकायला लागलं. मग जॅक लावून सगळं पुन्हा. तू मुरूम लागेपर्यंत खोद, काँक्रीटचे खांब जमिनीच्या वर दीड-दोन फूट घे. खांबांच्या २० बाय १० च्या चौकोनाचे कर्ण मोज: दोन्ही २२ फूट ४ इंच आले की काटकोन जमला. पातळी पाण्याच्या नळीनंच बघ, मिस्त्रीच्या नजरेवर सोडू नकोस.

घर उतरवणारा हायड्रा (क्रेन) जितका लांब उभा, तितकं वजन कमी उचलतो. म्हणून पायाशेजारीच त्याला कडक जागा ठेव. हे सगळं मृगाच्या आधी उरक, नाहीतर ट्रेलर चिखलात रुतलाच समज.

पत्र्याचं घर आहे, अर्थिंग विसरू नकोस. पाण्याचा, ड्रेनेजचा पाईप कुठून येणार तेही कंपनीकडून नकाशावर लिहून घे. आणि गाडीवाल्याला पूर्ण पैसे देण्याआधी प्रत्येक दार-खिडकी उघडून बघ, भले तो कितीही घाई करो.