थ्रेड वाढवायच्या आधी जरा थांब
अरे भावा, आठ कोरचं मशीन घेतलं आणि काम आठ थ्रेडमध्ये (एकाच वेळी चालणाऱ्या तुकड्यांमध्ये) वाटलं म्हणून प्रोग्राम आठपट पळेल असं नसतं. आधी पर्फ हे लिनक्सचं वेळ मोजणारं टूल लावून बघ वेळ नेमका कुठे जातोय, कारण १० टक्के काम एकामागून एकच होणार असेल तर कितीही कोर टाक, दहापटीच्या वर जातच नाही, हे कॉम्प्युटर डिझायनर अ‍ॅमडालने १९६७ लाच सांगून ठेवलंय. सुरुवात ओपनएमपीने कर (लूपचं काम थ्रेडमध्ये वाटून देणारी सोय), लूपवर प्राग्मा म्हणजे कंपायलरला सूचना देणारी ओळ टाकायची, पण बेरीज असेल तर रिडक्शन (प्रत्येक थ्रेडची वेगळी बेरीज शेवटी एकत्र करणं) लिहायला विसरू नको, नाहीतर दर वेळी वेगळंच उत्तर येतं आणि तू कंपायलरला शिव्या घालत बसशील (मी बसलोय दोन रात्री, नाशिकला गंगापूर रोडच्या रूमवर). सगळ्याला एकच लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) लावलास तर द्वारका सर्कल होतं बघ, चारी बाजूंनी गाड्या आणि हलत कोणीच नाही. टेस्टिंगला थ्रेड सॅनिटायझर लावच, प्रोग्राम ५ ते १५ पट हळू होतो पण रेस (दोन थ्रेड एकाच वेळी एकाच डेटाला हात घालतात ती चूक) कुठल्या ओळीवर आहे ते दाखवतो. प्रिंट टाकून शोधू नको, प्रिंटने टायमिंग बदलतं आणि बग लपून बसतो. आणि हो, प्रत्येक थ्रेडचा काउंटर अ‍ॅरेत शेजारीशेजारी ठेवू नको, साधारण ६४ बाइटच्या एकाच कॅश लाइनमध्ये (कोर एकदम उचलतो तो मेमरीचा तुकडा) आले की कोर एकमेकांशी भांडत बसतात.