‘आता कोणावरच भरोसा राहिला नाही’

“मॅडम, मी असा नव्हतो. आता कोणावरच भरोसा नाही राहिला.” लुटीतून, हल्ल्यातून गेलेली माणसं माझ्याकडे समुपदेशनाला आली की हे हमखास बोलतात. आपण कायमचे असेच राहणार की काय, ही धास्ती त्यामागे असते.

नागपुरातल्या मानेवाड्याकडच्या एका मेडिकल दुकानदाराचं सांगते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) रात्री शटर ओढताना दोघांनी चाकू लावला, तळहातावर वार करून गल्ला नेला. जखम भरली. पण त्यांनी जुन्या गिऱ्हाइकांची उधारी बंद केली, गणेश मंडळाचा हिशेब सोडला, पोलिसांकडेही पुन्हा फिरकले नाहीत. बायकोने बळेबळे माझ्याकडे आणलं.

लुटारूंबद्दल ते सरळ बोलायचे. आवाज अडकायचा तो समोरच्या पानठेल्यापाशी. “तो पाहून राहिला होता, मॅडम. इतक्या वर्षांचा खर्रा त्याच्याकडचा. जागचा हलला नाही.”

बहुतेकांचं खरं दुखणं इथेच असतं. चोराकडून कोण काय अपेक्षा ठेवतो? ती शेजाऱ्याकडूनच असते.

मी विचारलं, “चाकू लागला तेव्हा तुम्ही ओरडलात का?” बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “आवाजच नाही निघाला.” जिवावर बेतलं की शरीर लढतं, पळतं किंवा थिजतं, आणि यातलं काय होणार हे आपल्या हातात नसतं. बघणाऱ्याच्याही नसतं.

“माफ करून टाका” असं मी म्हटलं नाही. दुखावलेल्या माणसावर ते ओझं टाकणं मला अन्यायाचं वाटतं. ठेल्यावर जा आणि त्या रात्री काय दिसलं एवढंच विचारा, असं सुचवलं. धीर व्हायला बरेच आठवडे गेले. ठेलेवाला म्हणाला, “भाऊ, पायच उचलले नाही माझे. तवापासून मी बी लवकर बंद करून राहिलो.” मग दोघं मिळून ठाण्यात गेले, त्याने जबाब दिला. भरोसा आधी आला नव्हता. दोघांनी मिळून काम केलं, तेव्हा थोडा थोडा येऊ लागला.

हे अपवादात्मक नाही. राज्यशास्त्राच्या अभ्यासक रेजिना बेटसन यांनी 2012 मध्ये पाच खंडांतली सर्वेक्षणं तपासली. गुन्ह्याची झळ बसलेली माणसं सभा-बैठकांत, सार्वजनिक कामांत इतरांपेक्षा जास्त भाग घेताना दिसली. मात्र लॅटिन अमेरिकेत त्यांच्यातच कायदा हातात घेण्याला जास्त पाठिंबाही दिसला. म्हणून वस्तीत लाठ्या घेऊन गस्तीची भाषा सुरू झाली की मला काळजी वाटते. त्या संतापाला जबाब, ओळख परेड, बंद पडलेले पथदिवे यांच्या पाठपुराव्याकडे वळवता येतं.

दुकानदारांनी दोन घरांची उधारी पुन्हा सुरू केली आहे. मंडळाचा हिशेब अजून घेतलेला नाही, मीही आग्रह धरत नाही.

महिना उलटला तरी झोप येत नसेल, तोच प्रसंग डोळ्यांपुढे येत असेल, त्या रस्त्याने जाणंच टाळत असाल, तर थांबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.