गोव्याची सही आणि लिस्बनचे कॅप्टन

प्रश्न : आमचे काका गिरगावात गोवामुक्तीच्या सभांना जात. ते म्हणायचे, ‘गोवा ६१ ला सुटला, पण पोर्तुगालनं ते मान्य केलं ७४ संपता संपता.’ त्या वर्षी तिथे काय झालं? सैनिकांच्या बंदुकीत फुलं होती म्हणे!
– एक वाचक, ठाकूरद्वार, मुंबई

उत्तर : काकांचं बरोबर आहे. त्या वर्षी पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनमध्ये, लष्करातल्या कॅप्टनांनी उठाव करून हुकूमशाही उलथवली. फुलंही खरी. सेलेस्त काएरो या उपाहारगृहातल्या बाईंनी एका सैनिकाला लाल कार्नेशन दिलं आणि बघता बघता सगळीकडे तेच दिसू लागलं. पण फुलांच्या फोटोंमागे खरं कारण दडून जातं.

माझ्या मते सुरुवात गोव्यापासूनच करावी. डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारनं गोव्याचे गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांना शेवटपर्यंत लढायला फर्मावलं होतं. त्यांनी शरणागती पत्करून माणसं वाचवली, तर पुढे त्यांनाच लष्करातून बडतर्फ केलं. हरलो की खापर आपल्याच माथी, हे तरुण अधिकाऱ्यांनी नीट ध्यानात ठेवलं. त्याच वर्षी पोर्तुगालच्या आफ्रिकेतल्या वसाहतीत, अंगोलात, स्वातंत्र्याचं युद्ध पेटलं, मग गिनी आणि मोझांबिकमध्ये. ते तेरा वर्षं चाललं. सालाझारची सत्ता १९६८ मध्ये गेली, त्याच्या जागी कायतानो आला, पण युद्ध काही थांबलं नाही.

ठिणगी पडली ती मात्र बढतीवरून! १९७३ मध्ये सरकारनं तात्पुरत्या अधिकाऱ्यांना झटपट वर चढवायचं ठरवलं आणि कायम नोकरीतले कॅप्टन बिथरले. सरकारी कचेरीत उमेदवारी केलेल्यांना याचं नवल वाटायचं नाही.

२५ एप्रिल १९७४ रोजी मध्यरात्र उलटल्यावर रेडिओवर या कॅप्टनांच्या उठावाच्या खुणेचं गाणं लागलं. कॅप्टन साल्गेरो माया सांतारेंहून रणगाडे घेऊन लिस्बनमध्ये शिरले. ‘घराबाहेर पडू नका’ असं रेडिओ सांगत होता, तरी लोक रस्त्यावर आले. संध्याकाळी कायतानोनं जनरल स्पिनोला यांच्याकडे सत्ता सोपवली. याला ‘रक्तहीन क्रांती’ म्हणतात, ते मला पटत नाही. गुप्त पोलिसांनी गर्दीवर गोळ्या झाडल्या, त्यात चौघे गेले.

नव्या सरकारनं वसाहती सोडायच्या ठरवल्या, मग गोव्यावरचा हक्क धरून ठेवण्यात अर्थच नव्हता. ३१ डिसेंबर १९७४ रोजी दिल्लीत करार झाला. पोर्तुगालतर्फे सही त्यांचे परराष्ट्रमंत्री मारियो सोआरेस यांची, भारतातर्फे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाणांची. काकांना ते वर्ष एवढं पाठ होतं, त्यात ही दुसरी सही असणारच!

प्रश्न : मग लगेच लोकशाही आली का?
– तेच वाचक

उत्तर : छे! स्पिनोला सप्टेंबरातच पायउतार झाले. सरकारांमागून सरकारं बदलली, कटही झाले. २५ एप्रिल १९७५ च्या घटना समितीच्या निवडणुकीत मात्र नव्वद टक्क्यांहून अधिक मतदान झालं. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २५ जूनला, मोझांबिक स्वतंत्र झाला. त्याच रात्री आपल्याकडे आणीबाणी लागली. पोर्तुगालची नवी घटना एप्रिल १९७६ मध्ये मंजूर झाली आणि तिच्याखालचं पहिलं सरकार सोआरेस यांनीच बनवलं.