कॉलम अस्तित्वात असूनही ओरॅकल ‘इनव्हॅलिड आयडेंटिफायर’ का म्हणते?

आपण लिहिले आहे की स्प्रिंग बूट (जावा ॲप्लिकेशनची चौकट) आणि हायबरनेट (जावा क्लास व डेटाबेसमधील टेबल यांची सांगड घालणारी लायब्ररी) वापरून केलेले ॲप्लिकेशन आपल्या संगणकावर व्यवस्थित चालते, पण सर्व्हरवरील ओरॅकल डेटाबेसशी जोडताच ओआरए-००९०४, म्हणजे ‘इनव्हॅलिड आयडेंटिफायर’ (अवैध नाव), ही एरर येते. ‘कस्टमरआयडी’ हा कॉलम मात्र टेबलमध्ये स्पष्ट दिसतो, आणि एंटिटीत (टेबलशी जोडलेल्या जावा क्लासमध्ये) तेच नाव हाताने लिहूनही फरक पडला नाही.

एररच्या मजकुरात अवतरणचिन्हांत जे नाव छापलेले असते, ते आधी अक्षर न् अक्षर वाचावे, कारण डेटाबेसने प्रत्यक्षात शोधलेले नाव तेच असते. आपल्या बाबतीत तिथे बहुधा सर्व अक्षरे कॅपिटल असतील आणि दोन शब्दांमध्ये अंडरस्कोअर असेल. स्प्रिंग बूटची मूळ नेमिंग स्ट्रॅटेजी (कॉलमची नावे ठरवण्याचा नियम) शब्दामधील मोठ्या अक्षराच्या आधी अंडरस्कोअर घालते आणि सगळे नाव स्मॉल करते. ॲनोटेशनमध्ये (एंटिटीच्या कोडमधील खुणेत) आपण स्वतः लिहिलेले नावही त्यातून सुटत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. त्यानंतर अवतरणचिन्हांशिवाय आलेले नाव ओरॅकल कॅपिटल करून शोधते. सर्व्हरवरचे टेबल मात्र कुणीतरी दुहेरी अवतरणचिन्हांत, लहानमोठ्या अक्षरांच्या मिश्र नावाने तयार केले असेल, तर ते नाव जसेच्या तसे साठवले जाते आणि दोन्हींचा मेळ कधीच बसत नाही. आपल्या संगणकावर टेबलही हायबरनेटनेच निर्माण केले असल्यास तिथे ही विसंगती दिसण्याचा प्रश्नच येत नाही.

खात्रीसाठी हायबरनेटचा एसक्यूएल लॉग सुरू करून प्रत्यक्ष गेलेली क्वेरी पाहावी आणि ‘यूजर_टॅब_कॉलम्स’ या ओरॅकलच्या व्ह्यूमधील (कॉलमांच्या यादीतील) साठवलेल्या नावाशी ती ताडून पाहावी. टेबल तयार करतानाच ही एरर आली आणि नावाची जागा रिकामी दिसली, तर ‘कॉमेंट’ किंवा ‘लेव्हल’ यांसारखा राखीव शब्द कॉलमला दिला गेला आहे का, किंवा शेवटी जास्तीचा स्वल्पविराम राहिला आहे का, हे तपासावे.

नावाच्या लांबीची अडचण वेगळी आहे. तिथे ओआरए-००९७२ येते. ओरॅकल १२.१ पर्यंत नावाची मर्यादा ३० बाइट होती, १२.२ पासून ती १२८ झाली. मर्यादा बाइटमध्ये आहे, अक्षरांत नाही, त्यामुळे देवनागरीत ‘ग्राहक_क्रमांक’ असे नाव दिल्यास यूटीएफ-८ या अक्षरसंकेतनात त्याचे ४० बाइट होतात. पोस्टग्रेस (दुसरा एक डेटाबेस) ६३ बाइटांनंतरचा भाग केवळ सूचना देऊन कापते, आणि हे मला अधिक धोकादायक वाटते, कारण यंत्राने तयार केलेली दोन लांब नावे कापल्यानंतर एकसारखी होऊ शकतात.

हायबरनेटमध्ये सर्व नावांना सरसकट अवतरणचिन्हे लावण्याची सोय आहे, परंतु मी ती सुचवणार नाही: त्यानंतर प्रत्येक नावात लहानमोठ्या अक्षरांचा भेद पाळावा लागतो आणि हाताने लिहिलेल्या क्वेरीही मोडू लागतात. टेबल आपल्या ताब्यात असेल, तर ‘ऑल्टर टेबल’च्या ‘रीनेम कॉलम’ने नाव अंडरस्कोअरसह, अवतरणचिन्हांशिवाय करून घ्यावे आणि त्यावर अवलंबून असलेले व्ह्यू व प्रोसीजर त्याच वेळी दुरुस्त करावेत. टेबल दुसऱ्या विभागाचे असेल, तर नेमिंग स्ट्रॅटेजी बदलून नाव जसेच्या तसे पाठवणारी ठेवावी आणि फक्त त्याच कॉलमच्या नावाला ॲनोटेशनमध्ये अवतरणचिन्हे द्यावीत. मात्र इतर एंटिटी अंडरस्कोअरवर अवलंबून असल्यास त्यांची नावे आधी स्पष्ट लिहून घ्यावी लागतील.